रोमी दिनारियस कसा वाचायचा: आधी वजन, मग अक्षरं, मग हातातल्या वस्तू

विष्णूची जुनी मूर्ती समोर आली की जाणकार माणूस आधी चेहरा पाहत नाही, हात पाहतो. शंख कुठल्या हातात, चक्र कुठल्या, गदा वरच्या हातात की खालच्या, यावरून केशव की त्रिविक्रम हे ठरतं. रोमी चांदीच्या नाण्याच्या मागच्या बाजूला उभी असलेली बाईदेखील अशीच ओळखायची असते. तिचा चेहरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तोही बहुतेक वेळा झिजलेला. पण हातात फांदी आहे, तराजू आहे, सुकाणू आहे की वाडगा, हे दोन हजार वर्षांनीही दिसतं, आणि तिचं नाव त्या वस्तूतच असतं. मूर्तिशास्त्राची थोडीफार ओळख असलेल्या मराठी माणसाला ही नाणी परकी वाटायचं कारण नाही.

हा लेख दिनारियसबद्दल आहे. रोमचं हे मुख्य चांदीचं नाणं इ.स.पू. २११ च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध चालू असताना सुरू झालं आणि इ.स. तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. संस्कृत ग्रंथांतला आणि गुप्तांच्या लेखांतला ‘दीनार’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. तुमच्या हातात खरं नाणं असो, संग्रहालयाच्या काचेआडचं असो किंवा लिलावाच्या यादीतला मोठा फोटो असो, पायऱ्या याच. वजनाची पायरी तेवढी फोटोवर करता येत नाही. पण चांगल्या यादीत वजन छापलेलं असतं.

पायरी १: उजेड तिरपा हवा

टेबलावर मऊ सुती कापड अंथरा, म्हणजे नाणं हातातून निसटलं तरी इजा होणार नाही. नाणं कायम कडेने धरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, एवढं पुरतं.

खरी गंमत उजेडात आहे. ट्यूबलाइटखाली झिजलेलं नाणं सपाट दिसतं. खोलीतला दिवा मालवा, मोबाइलचा टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवा ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवत जा. टॉर्च हलवू नका, नाणं फिरवा. एका कोनात अचानक अक्षरांच्या कडा सावली टाकतात आणि ज्या जागी काहीच नव्हतं तिथे दोन-तीन अक्षरं उभी राहतात. त्याच क्षणी ती कागदावर उतरवून घ्या, कारण कोन बदलला की ती पुन्हा बुडतात.

एक गोष्ट मात्र करू नका. आपल्याकडे रुपया खणखणीत आहे का ते फरशीवर वाजवून पाहायची पद्धत होती. इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाजवायला गेलात तर सरळ दोन तुकडे होऊ शकतात.

पायरी २: वजन आणि हीण

आपल्या २०११ च्या मालिकेतल्या एक रुपयाच्या नाण्याचं वजन साधारण पावणेचार ग्रॅम आहे. ऐन भरातला दिनारियसही जवळपास तेवढाच, पण व्यास १८-१९ मिलिमीटर, म्हणजे रुपयापेक्षा लहान आणि जाड. हातात घेतल्यावर तो भरीव वाटतो.

अगदी सुरुवातीचे दिनारियस साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतात. पुढे एका रोमी पौंडात ८४ नाणी हे प्रमाण स्थिरावलं, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम. इ.स. ६४ मध्ये नीरोने ते पौंडाला ९६ वर आणलं, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम, आणि चांदीत तांबंही वाढवलं. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या नाण्यात जवळजवळ शुद्ध चांदी असे. त्रायानच्या काळात ती ८० टक्क्यांच्या आसपास आली आणि सेप्टिमियस सेव्हेरसने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ती निम्म्यावर आणली. मराठीत ‘हिणकस’ हा शब्द आज माणसांना लावतात, पण तो मुळात नाण्याचा आणि दागिन्याचा. सेव्हेरसनंतरची नाणी ओळीने मांडली की हीण वाढत जाणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं: पांढरा रंग आधी राखाडी होतो आणि मग उंचवट्यांवर तांबूस झाक येते.

वजनाबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. रोमी लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलंय की एक रोमी मुक्त गुलाम वादळात भरकटून सिंहलद्वीपाला पोचला. तिथल्या राजाने त्याच्याजवळचे दिनारियस पाहिले. नाण्यांवरचे चेहरे वेगवेगळे, म्हणजे ती वेगवेगळ्या राजांनी पाडलेली. तरी वजन सगळ्यांचं सारखं. राजाला रोमी लोकांच्या सचोटीचं कौतुक वाटलं ते यावरून. तेव्हा तुम्हीही वजनापासूनच सुरुवात करा. ऑगस्टसच्या नावाचं नाणं २.९ ग्रॅम भरलं, तर चित्र कितीही सुंदर असो, थांबून विचार करायला हवा.

पायरी ३: पुढची बाजू कुणाची?

प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिनारियसवर राजा नाही, कारण रोममध्ये राजाच नव्हता. शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, तिच्या मानेमागे ‘एक्स’ हे अक्षर, म्हणजे रोमी दहाचा आकडा. एक दिनारियस म्हणजे दहा आस, आस हे काशाचं नाणं. नंतर त्याची किंमत १६ आस ठरली. मागच्या बाजूला घोडे फेकत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ आणि खाली रोमाचं नाव. काही नाण्यांची कड करवतीसारखी दातेरी दिसली तर ती नंतर कुणी बिघडवली असं समजू नका. टांकसाळीतच ती तशी कापलेली असते.

जिवंत रोमी माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीच्या नाण्यावर आला तो इ.स.पू. ४४ मध्ये, ज्यूलियस सीझरचा. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला.

साम्राज्यकाळात पुढची बाजू जवळजवळ नेहमी सम्राटाची किंवा त्याच्या घरातल्या कुणाची. डोक्यावर काय आहे ते बघा. पानांची माळ असेल आणि मानेवर तिच्या फितीची दोन टोकं लोंबत असतील, तर तो नेहमीचा दिनारियस. डोक्यातून सूर्याच्या किरणांसारखे टोकदार काटे निघत असतील, तर ते कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये सुरू केलेलं मोठं नाणं. त्याला आज अंतोनिनियानस म्हणतात आणि ते दोन दिनारियसच्या किमतीचं मानतात. त्याच नाण्यावर सम्राज्ञी असेल, तर तिच्या खांद्याखाली चंद्रकोर असते. सम्राटाला सूर्य, राणीला चंद्र. हा नियम पाठ करून ठेवा, नवशिक्यांच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

पायरी ४: अक्षरं, आणि लॅटिनच्या विभक्ती

लेख कडेने गोल फिरतो. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात तो बहुधा डाव्या बाजूला खालून, घड्याळात सात वाजता असतात तिथून सुरू होतो आणि काट्यांच्या दिशेने जातो. आधीच्या काळात सुरुवात कुठूनही असू शकते, म्हणून ओळखीचा शब्द शोधा आणि तिथून पुढे-मागे सरका. शब्दांमध्ये जागा नसते. ‘यू’ हे अक्षर नसतंच, त्याच्या जागी ‘व्ही’ असतो. ‘ए’ची आडवी रेघ पुष्कळदा गायब असते आणि तो उलट्या ‘व्ही’सारखा दिसतो. ‘सी’ आणि ‘जी’, ‘पी’ आणि ‘आर’ यांत झिजेमुळे फसायला होतं.

बहुतेक लेख सात-आठ संक्षेपांवर चालतात. ‘आय-एम-पी’ म्हणजे इंपेरातोर, सेनापती. ‘सी-ए-ई-एस’ म्हणजे कैसर. मराठी बायबलात ‘कैसराचे ते कैसराला’ असं आहे, सीझर नाही. लॅटिनमध्ये ‘सी’चा उच्चार ‘क’ होत असे, तो आपल्या कैसरमध्ये टिकून आहे. ‘ए-व्ही-जी’ म्हणजे ऑगस्टस, पहिल्या सम्राटाचं नाव, जे पुढे सगळ्या सम्राटांची पदवी झालं. ‘पी-एम’ म्हणजे पोंटिफेक्स मॅक्सिमस, मुख्य पुरोहित. ‘पी-पी’ म्हणजे पातेर पात्रिए, राष्ट्रपिता. ‘टी-आर-पी’ म्हणजे त्रिब्यूनचे, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे अधिकार आणि ‘सी-ओ-एस’ म्हणजे कॉन्सल, रोमचं सर्वोच्च अधिकारपद.

शेवटच्या दोघांवर नाण्याचं साल अवलंबून आहे. त्रिब्यूनचे अधिकार दरवर्षी नव्याने मिळत, त्यामुळे त्यापुढचा आकडा म्हणजे राज्यवर्षच. अंतोनिनस पायस इ.स. १३८ मध्ये गादीवर आला. त्याच्या नाण्यावर ‘टी-आर-पी’ पंधरा दिसलं, तर ते नाणं १५१-१५२ चं. कॉन्सलपद मात्र सम्राट मनाला येईल तेव्हा घेई, आणि पुढच्या वेळेपर्यंत तोच आकडा चाले. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला ११९ मध्ये आणि नंतर कधीच नाही. म्हणून त्याच्या नाण्यावरचं ‘सी-ओ-एस’ तीन म्हणजे ११९ ते १३८ मधलं कुठलंही वर्ष. नुसत्या त्या आकड्यावरून अचूक साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चारचा आकडाही बहुधा चार उभ्या रेघांचा असतो.

एक नाणं शेवटपर्यंत वाचून पाहू. पुढच्या बाजूला: इंपेरातोर, मग त्रायानो, ऑगस्टससाठीचं ‘ए-व्ही-जी’, मग ‘जी-ई-आर’, ‘डी-ए-सी’, ‘पी-एम’, ‘टी-आर-पी’. मागे: ‘सी-ओ-एस’ आणि पाचचा आकडा, ‘पी-पी’, ‘एस-पी-क्यू-आर’, ऑप्टिमो, आणि प्रिन्सेप्स या शब्दाची सुरुवात. नाव त्रायानस असताना इथे त्रायानो का? कारण ही चतुर्थी आहे. शाळेत ‘रामाय’ घोकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. रोमचं सिनेट आणि रोमची जनता यांच्याकडून, सर्वोत्तम अशा त्या नेत्याला, त्रायानाला. नाण्यावरचा सबंध लेख एक अर्पणपत्रिका आहे. ‘जी-ई-आर’ आणि ‘डी-ए-सी’ या जर्मन आणि डेशियन लोकांवरच्या विजयाच्या पदव्या. पाचवं कॉन्सलपद १०३ सालचं आणि सहावं ११२ चं, म्हणून नाणं १०३ ते १११ मधलं. त्रायानने त्रिब्यूनच्या अधिकारापुढे बहुतेक वेळा आकडा घातलेला नाही, त्यामुळे याहून जवळ जाता येत नाही. षष्ठीही अशीच उपयोगी: ‘दिवी एफ’ म्हणजे देवाचा मुलगा, दत्तक वडिलांना मरणोत्तर देवत्व मिळालंय हे सांगणारा शब्द.

पायरी ५: आता हात पाहा

मागच्या बाजूला एखादी बाई उभी किंवा बसलेली असते. ती बहुधा पुराणकथेतली देवी नसते. एखाद्या गुणाला किंवा स्थितीला दिलेलं ते रूप असतं: शांती, सुबत्ता, आरोग्य, स्वातंत्र्य. डावा हात आणि उजवा हात वेगवेगळे नोंदवा, मगच नाव शोधा.

सुरुवातीला मी स्वतः इथे चुकलो. तराजू धरलेली बाई दिसली आणि कोर्टाच्या इमारतीवरच्या पुतळ्याची सवय असल्यामुळे ‘न्यायदेवता’ असं वहीत लिहून मोकळा झालो. त्या नाण्यावर ती ईक्विटास निघाली. ईक्विटास म्हणजे रास्तपणा, आणि तिचा तराजू मापाचा आहे, नाण्याच्या वजनाचा. दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग, सुबत्तेचं. रोमी नाण्यांवरची न्यायदेवता, युस्तिशिया, बहुतेक वेळा वाडगा आणि राजदंड घेऊन बसलेली असते. ईक्विटाससारखीच हुबेहूब दिसणारी दुसरी आहे मोनेता, टांकसाळीची देवता. त्या दोघींना वेगळं करायचं तर लेखच वाचावा लागतो. रोमची टांकसाळ कॅपिटोलिन टेकडीवर जुनो मोनेताच्या देवळापाशी होती, आणि इंग्रजीतला ‘मनी’ हा शब्द तिच्याच नावावरून आला.

सुबत्तेचं शिंग खूपजणींकडे असतं, म्हणून त्यावरून काही ठरवू नका. दुसऱ्या हाताकडे जा. सुकाणू असेल तर फोर्तुना, नशीब. जहाज कुठे वळवायचं ते ती ठरवते. कणसं असतील आणि पायाशी धान्याचं माप किंवा जहाजाची नाळ असेल तर आनोना, रोम शहराचा धान्यपुरवठा. माणसांनी भरलेल्या त्या शहराचं धान्य समुद्रापलीकडून येई, म्हणून धान्य आणि नाळ एकत्र. दोन साप गुंडाळलेली काठी असेल तर फेलिसितास, सुख-समृद्धी. पातेरा नावाचा उथळ वाडगा असेल तर बहुधा कॉन्कॉर्दिया, ऐक्य. राजघराण्यात भांडणं लागली की ही जास्त दिसायला लागते, असा माझा अनुभव आहे.

बाकीच्यांपैकी पॅक्स, म्हणजे शांती, ऑलिव्हच्या फांदीवरून ओळखू येते. व्हिक्टोरियाला पंख असतात, हातात माळ आणि ताडाचं पान. लिबेर्तासच्या हातात एक टोपी असते, मऊ, घंटेच्या आकाराची. गुलामाला मुक्त केलं की त्याच्या डोक्यावर ती चढवत. साल्युस, म्हणजे आरोग्य, वाडग्यातून सापाला खाऊ घालताना दिसते. आपल्या वाचकाला तिथे नागपंचमी आठवेल, पण तो वैद्यकाच्या देवाचा साप आहे. स्पेस म्हणजे आशा. ती एका हातात उमलती कळी धरते आणि दुसऱ्या हाताने झग्याचा काठ जरासा उचलून पुढे पाऊल टाकते. भिंगाखाली तो उचललेला काठ सापडला की स्पेस ठरलीच, कळी झिजून गेलेली असली तरी. सेक्युरितास खांबाला रेलून निवांत असते. पिएतासशेजारी होमवेदी असते.

माणूस नसून नुसत्या वस्तू असतील तर त्या बहुधा पूजेच्या. पळीसारखं सिम्पुलुम आणि वरून वळलेली लितुअस ही काठी, ही पुरोहितांची उपकरणं. सीझरच्या इ.स.पू. ४९-४८ च्या प्रसिद्ध नाण्यावर एका बाजूला सापासारखं काहीतरी पायदळी तुडवणारा हत्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला सिम्पुलुम, पाणी शिंपडायचा कुंचा, कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी. सेनापतीला आपण मुख्य पुरोहितही आहोत हे सांगायचं होतं, आणि ते त्याने चार वस्तूंत सांगितलं.

पायरी ६: त्या वर्षी काय चाललं होतं?

साल आणि हातातली वस्तू दोन्ही मिळाली की ती शेजारी ठेवा. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस मिळत. म्हणजे या चित्रांचा सर्वांत मोठा वाचक सैनिक होता, आणि ती त्याच्या तळहातावर पडावीत म्हणूनच कोरलेली होती.

प्रजासत्ताकाच्या काळात मात्र चित्र टांकसाळीवर नेमलेला तरुण अधिकारी ठरवी आणि त्याला आपल्या घराण्याचं मोठेपण दाखवायचं असे. त्यामुळेच ही नाणी इतकी वैविध्याची आहेत. इ.स.पू. ११३ च्या सुमाराच्या पी. नेर्वाच्या नाण्यावर चक्क मतदान चाललंय: अरुंद पुलावर एक जण खालच्या माणसाकडून मतपाटी घेतोय, दुसरा ती पेटीत टाकतोय. नखाएवढ्या जागेत लोकशाहीचं एवढं बारीक चित्र मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. टी. कॅरिसियसच्या इ.स.पू. ४६ च्या नाण्यावर मोनेताचा चेहरा आहे आणि मागे टांकसाळीची अवजारं: ऐरण, हातोडा, सांडशी. नाणं कसं पाडायचे ते या एकाच नाण्यावरून कळतं. तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे दोन ठसे कधी सारखे नसतात, आणि घाव तिरका बसला की चित्र एका बाजूला सरकतं. नाण्याची अर्धी अक्षरं चकतीबाहेर गेली असतील तर तो दोष नव्हे.

इटलीतल्या मित्रराष्ट्रांनी रोमविरुद्ध बंड केलं तेव्हा त्यांच्या नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगावर घेतोय. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने इ.स.पू. ४२ मध्ये दोन खंजीर आणि त्यांच्या मधोमध ती मुक्त गुलामाची टोपी काढली, खाली १५ मार्च ही तारीख. लिबेर्तासच्या हातातली टोपी ओळखू येत असेल तर या नाण्याला भाषांतर लागत नाही. आणि त्याच नाण्याच्या पुढच्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे, ज्या गोष्टीवरून सीझरवर राग होता तीच. ऑगस्टसने इजिप्त जिंकल्यावर मगर काढली. व्हेस्पॅसियनने जेरुसलेमच्या पाडावानंतर विजयचिन्हाशेजारी शोक करत बसलेली ज्यूडिया, म्हणजे ज्यूंचा हरलेला देश, बाईच्या रूपात काढली. हे नाणं मला पाहवत नाही, पण ते वाचायलाच हवं. हेड्रियन साम्राज्यभर फिरला आणि त्याने प्रांतांची मालिका काढली: आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीचं मुंडकं, नाईल नदी दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या रूपात पहुडलेली.

पायरी ७: भारतात सापडणारी दोन नाणी

भारतात सापडलेल्या रोमी चांदीत दोन प्रकार बाकी सगळ्यांना मागे टाकतात. तुमच्यासमोर येणारं नाणं यांपैकी असण्याची शक्यता मोठी, म्हणून ती नीट पाहून ठेवा.

पहिलं ऑगस्टसचं. मागे त्याचे दत्तक मुलगे गायस आणि ल्यूसियस आपल्याकडे तोंड करून शेजारी-शेजारी उभे, मध्ये दोन ढाली आणि दोन भाले, वर सिम्पुलुम आणि लितुअस. दुसरं टिबेरियसचं. पुढे माळ घातलेलं, उजवीकडे पाहणारं डोकं. मागे उजवीकडे तोंड करून खुर्चीवर बसलेली बाई, उजव्या हातात लांब राजदंड, डाव्या हातात फांदी, कडेने पोंटिफ मॅक्सिम. फांदीमुळे ती पॅक्स वाटते आणि बहुतेक अभ्यासक तिला टिबेरियसची आई लिव्हिया मानतात. भिंग खुर्चीच्या पायांवर न्या. काही नाण्यांत पाय साधे सरळ आहेत, काहींत कातलेल्या लाकडासारखे मणी-मणी. खुर्चीखालची रेघ कुठे एकेरी, कुठे दुहेरी. त्या पायांवरून नाणं मालिकेतलं आधीचं की नंतरचं ते ठरवतात. येशूला जे नाणं दाखवून कराचा प्रश्न विचारला ते हेच, असं परंपरेने समजतात.

आपले व्यापारी नीरोच्या आधीची ही नाणी पसंत करत, कारण त्यांत चांदी भरपूर होती. आजच्या तेलंगणातल्या अक्कनपल्ले इथे अशा दीड हजारांच्या आसपास दिनारियसचा साठा मिळाला. पेरिप्लस या प्रवासवर्णनात बारिगाझा, म्हणजे भडोच बंदरात रोमी सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक चलनात बदलताना नफा होई असं म्हटलंय. प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो; चार सेस्टर्स म्हणजे एक दिनारियस. महाराष्ट्रात प्रत्यक्ष नाणी दक्षिणेच्या मानाने कमीच सापडली, पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमी नाण्यांच्या भाजक्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत, गळ्यात घालता येतील अशा.

इथे एक सावधगिरी. भारतात दिनारियसच्या स्थानिक नकलाही झाल्या. चित्र ओळखू येतं, पण अक्षरं कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं, त्यामुळे लेखाच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं दिसतात. ही आजची बनावट नाही. त्याच काळची, अभ्यासाच्या दृष्टीने अतिशय मोलाची वस्तू आहे. लेख वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका.

पायरी ८: खरं की खोटं

प्लिनीच्या काळीही खोटे दिनारियस होते, आणि तो सांगतो की खोट्याचा नमुना अभ्यासायला लोक अनेक खरी नाणी मोजत. खोटं दोन तऱ्हेचं.

प्राचीन खोटं म्हणजे तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा. उंचवटे झिजले किंवा कडेला चीर गेली की आतलं तांबं लाल-हिरवं डोकावतं, आणि वजन कमी भरतं.

आधुनिक खोटं बहुधा ओतीव असतं. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन चांदी ओतलेली. कड भिंगाखाली पूर्ण फिरवून पाहा: मधोमध शिवण किंवा कानशीने घासल्याच्या खुणा दिसल्या तर संपलं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल खळगे असतात आणि अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या मऊ. ठोकलेल्या नाण्यात धातू कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेषा दिसतात, ओतीवात नाहीत. एकाच प्रदर्शनात एकाच विक्रेत्याकडे सारखाच खड्डा, सारखीच चीर असलेली दोन नाणी दिसली, तर दोन्ही खाली ठेवा. ठसा दोन नाण्यांचा एक असू शकतो, पण झीज आणि जखमा कधीच नाही.

आणि घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सोनाराचं द्रावण, काहीच नको. चांदीवर साचलेला काळपट-निळसर थर अक्षरांच्या खोबणीत सावलीसारखा बसलेला असतो. चौथ्या पायरीवर तुम्ही जे वाचलंत ते पुष्कळसं त्याच्यामुळे.

पायरी ९: जुळवा आणि लिहून ठेवा

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे दोन मोफत ऑनलाइन कोश आहेत: साम्राज्यासाठी ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ आणि त्याआधीच्या नाण्यांसाठी ‘कॉइनेज ऑफ द रोमन रिपब्लिक ऑनलाइन’. सम्राट निवडा, नाण्याचा प्रकार दिनारियस निवडा, मग लेखातला जेवढा तुकडा खात्रीने वाचलात तेवढाच टाका, ‘यू’च्या जागी ‘व्ही’ लिहून. अंदाजाची अक्षरं टाकलीत की चुकीचं नाणं जुळतं. फोटोंशी तुलना करताना पुन्हा हातांपासून सुरुवात करा. प्रत्यक्ष नाणी बघून नजर तयार करायची असेल तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आपल्या आवाक्यात आहेत.

नाणं शेतात किंवा पाया खणताना मिळालं असेल तर क्रम वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला भेट म्हणूनही देऊ नका. ज्या जागी सापडलं ती जागा, खोली आणि सोबत मिळालेली खापरं यांचा फोटो आधी काढा. नाणं मग कुठेही गेलं तरी त्याचा पत्ता राहतो.

नोंदीचा नमुना असा ठेवा: वजन, व्यास, वरचा ठसा खालच्या मानाने किती वाजता फिरलेला आहे, पुढचा लेख अक्षरशः, मागचा लेख अक्षरशः, उजव्या हातात काय, डाव्या हातात काय, पायाशी काय, साल, आणि सर्वांत शेवटी नाव. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि नाण्यासोबत आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीचं पाकीट वापरू नका. काही वर्षांत त्यातून चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो.